पांढरे कपडे पांढरेच राहावेत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील आयुष्यभर पांढरं धोतर नेसले. आई ते आठवड्यातून एकदा उकळायची, दर दुसऱ्या धुण्याला नीळ घालायची आणि सणावाराला खळ. त्या धोतरांची शुभ्रता आजच्या महागड्या पावडरीने का येत नाही, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडला होता. त्याचं उत्तर शोधताना घरात जे करून पाहिलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते इथे आहे. धुण्याचा सोडा, लिंबू, नीळ, व्हिनेगर या घरातल्याच गोष्टी, फक्त कोणती कधी वापरायची ते कळायला हवं.

नवा कोरा पांढरा शर्ट सहा महिन्यांत मळकट का दिसतो?

बहुतेक वेळा त्यात अडकून राहिलेल्या साबणामुळे. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण करून बघा: "स्वच्छ धुतलेला" पंचा कोमट साध्या पाण्याच्या बादलीत टाका आणि दहा मिनिटं हाताने खळबळवा. पाणी दुधाळ झालं किंवा त्यावर फेस आला, तर तुमचे कपडे साबणातून नीट निघतच नाहीत. राहिलेल्या साबणाला धूळ चिकटते, अंगाचं तेल चिकटतं. पुढच्या धुण्यात आपण आणखी साबण घालतो आणि थर वाढत जातो.

म्हणून कोणताही उपाय करण्याआधी दोन गोष्टी करा. साबणचुरा कमी करा, नेहमीच्या निम्म्याने सुरुवात करा. आणि कपडे स्वच्छ पाण्यातून तीनदा हिसळून काढा. मशीन असेल तर जास्तीचं एक रिन्स लावा आणि ड्रम कोंबून भरू नका, वर वीतभर जागा राहू द्या. मुंबईतला महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० पासून चालू आहे. तिथल्या दगडी टाक्यांमध्ये कपडे किती वेळा पाण्यातून निघतात ते पाहिलं की परीटघडीच्या कपड्यांचं मर्म कळतं. आपण घरी पाण्यात काटकसर करतो आणि साबणात उधळपट्टी.

कपडा पिवळा पडलाय की करडा? आणि त्याने काय फरक पडतो?

सगळा फरक इथेच पडतो. कपडा खिडकीपाशी नेऊन कोऱ्या कागदाशेजारी धरा.

करडा, कळकट दिसत असेल तर त्यात साबणाचा साका, पाण्यातले क्षार किंवा दुसऱ्या कपड्यांचा उतरलेला रंग आहे. पिवळट दिसत असेल तर अंगाचं तेल, घाम, पाण्यातलं लोह किंवा जुनी खळ आहे. तेल आणि मळ अल्कलीने सुटतो, म्हणजे सोड्याने. क्षार आणि गंज आम्लाने सुटतो, म्हणजे लिंबाने किंवा व्हिनेगरने. लोहाने पिवळ्या झालेल्या कपड्याला सोड्यात चार तास भिजवलं तर काहीच होणार नाही, आणि ब्लीच घातलं तर तो आणखी पिवळा होईल. "उपाय केला पण उपयोग झाला नाही" अशा तक्रारींमागे मला बहुतेकदा हीच चूक दिसते.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्यात कपडे पांढरे राहूच शकत नाहीत का?

राहतात, पण मेहनत जास्त. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात आणि घरात आपण जड पाणी म्हणतो, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाच्या वडीची या क्षारांशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो तोच कपड्याच्या धाग्यांतही बसतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची असं धरलं आहे. बोअरचं पाणी त्याच्याही पुढे जाऊ शकतं.

घरची परीक्षा सोपी आहे. तुरीची डाळ शिजायला फार वेळ लागतो का? अंघोळीला साबणाचा फेस नीट होत नाही का? मग पाणी जड आहे.

उपाय असा: १५ लिटरच्या बादलीत चहाचे दोन चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवा, पाच मिनिटं थांबा, मगच साबण आणि कपडे घाला. सोडा क्षारांना पकडतो, त्यामुळे साबण मळासाठी मोकळा राहतो. वडीऐवजी साबणचुरा किंवा द्रव साबण वापरला तर साका पुष्कळ कमी होतो. शेवटच्या हिसळणीच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं की उरलेसुरले क्षार निघतात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरता आलं तर पांढऱ्या कपड्यांसाठी त्याहून चांगलं काही नाही.

पाणी बादलीत रात्रभर ठेवल्यावर तळाला तांबूस गाळ बसत असेल तर त्यात लोह आहे. अशा पाण्यात सोडा किंवा ब्लीच थेट घालू नका, तो तांबूसपणा कपड्यावरच बसेल. रात्री पाणी उघडं भरून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलकेच ओतून घ्या.

धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, दोन्ही एकच का?

नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, चांगला जोरकस अल्कली. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, बराच सौम्य. ढोकळ्यात घालायचा सोडा बादलीभर पाण्यात चमचाभर टाकून कपडे पांढरे होतील अशी आशा धरू नका. त्याचा खरा उपयोग डागावर लेप लावायला आणि वास घालवायला.

मळकट सुती कपड्यांसाठी बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबणचुरा घाला, कपडे दोन तास भिजवा आणि मग नेहमीसारखे धुवा. हातात रबरी मोजे घाला, सोड्याने त्वचा सोलवटते. रेशीम आणि लोकर यांना धुण्याचा सोडा दाखवूसुद्धा नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातले तर दुप्पट काम होतं ना? फेस तर खूप येतो.

फेस येतो आणि काम संपतं. एक अल्कली, एक आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि खारट पाणी उरतं. बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू, त्याने मळ निघत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या पाककृतींमध्ये ही जोडी सगळीकडे दिसते, म्हणून ठामपणे सांगते: सोडा भिजवताना आणि व्हिनेगर शेवटच्या पाण्यात. मध्ये कपडे नीट हिसळलेले असले पाहिजेत.

लिंबाने कपडे खरंच पांढरे होतात?

सुती कपडे, हो. मोठ्या पातेल्यात पाणी कडकडीत तापवून खाली उतरवा, त्यात तीन लिंबांचा गाळलेला रस घाला आणि रुमाल, बनियन, उशांचे अभ्रे तासभर ठेवा. मग पिळून, न हिसळता, थेट उन्हात वाळत घाला. आम्ल आणि ऊन दोन्ही मिळून काम करतात. वाळल्यावर मात्र पुन्हा साध्या पाण्यातून काढा, कारण आम्ल धाग्यात राहिलं तर सूत कमकुवत होतं.

उन्हाळ्यात लिंबं महाग असतात. तेव्हा किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, वापरा. बादलीला एक मोठा चमचा पुरतो. त्यात साखर किंवा गर नसल्याने मला ते लिंबापेक्षा बरंच वाटतं.

कपडे उकळायची जुनी पद्धत अजून चालेल का?

चालेल, आणि शुद्ध सुतासाठी तिच्याइतकं परिणामकारक दुसरं काही मी पाहिलेलं नाही. परिटांची भट्टी म्हणजे तरी काय, अल्कली आणि उष्णता. पंचे, टॉवेल, रुमाल, धोतर, सुती चादरी, स्वयंपाकघरातली फडकी हे सगळं उकळता येतं. मोठ्या पातेल्यात पाणी, लिटरला चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा, थोडा साबण, आणि वीस मिनिटं मंद उकळी. लाकडी दांड्याने वरखाली करत राहा. गॅस बंद करून पाणी कोमट होईपर्यंत तसंच ठेवा.

पातेलं स्टीलचंच घ्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा उकळला तर पातेलं झिजतं, काळं पडतं आणि तो काळेपणा कपड्यांना लागतो. माझ्या चार अभ्र्यांचं असंच वाटोळं झालं होतं.

टेरिकॉट, पॉलिस्टर, इलॅस्टिक असलेले कपडे उकळू नका. शाळेचे पांढरे शर्ट बहुधा मिश्र धाग्याचे असतात, त्यांना कोमट पाणी पुरे.

नीळ नेमकं करते काय? ती कपडा स्वच्छ करते का?

नीळ कपडा स्वच्छ करत नाही. ती डोळ्यांना पांढरेपणा दाखवते. पिवळट कपडा निळा प्रकाश थोडा गिळतो. त्यावर अगदी फिकट निळी छटा चढवली की पिवळेपणा झाकला जातो आणि आपल्याला कपडा शुभ्र दिसतो. म्हणून मळक्या कपड्याला नीळ दिली तर तो निळसर मळका दिसतो. आधी धुणं, मग नीळ.

पुडीतली पावडर नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. मूळ अल्ट्रामरीन लाजवर्द नावाच्या महागड्या दगडापासून व्हायचं. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये ते कृत्रिमरीत्या बनवायची रीत सापडली आणि मग ते धुण्याच्या बादलीपर्यंत पोहोचलं. शेतात पिकणाऱ्या निळीच्या झाडाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. बाटलीतली नीळ वेगळी. १९८३ मध्ये केरळातून उजाला आली तेव्हापासून जांभळट रंगाच्या द्रवाची सवय घरोघरी लागली. तो पूर्णपणे विरघळणारा रंग आहे, त्यामुळे तळाला बसत नाही.

नीळ घालायची रीत मात्र दोन्हींची एकच. पावडर असेल तर ती मलमलीच्या चिंधीत पुरचुंडी बांधून तांब्याभर पाण्यात पिळा, थेट बादलीत टाकू नका. द्रव असेल तर चार-पाच थेंब आधी तांब्यात घ्या. मग ते बादलीत ओतून हाताने ढवळा. ओंजळीत पाणी घेतल्यावर ते अगदी फिकट आभाळी दिसलं पाहिजे. गडद दिसलं तर अर्धं ओतून द्या आणि साधं पाणी भरा. कपडा साबणातून पूर्ण निघालेला, ओला आणि उलगडलेला हवा. एकेक कपडा बुडवायचा, तीन-चारदा वरखाली करायचा आणि लगेच काढायचा. बादलीत टाकून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत पट्टे पडलेले असतात.

निळीचे पट्टे पडले. आता?

वाळवू नका, इस्त्री तर मुळीच नको. पावडर नीळ असेल तर बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास ठेवा. अल्ट्रामरीन आम्लात टिकत नाही, रंग फिका होत जातो. किंचित सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, खिडकी उघडा, तो त्या रंगातल्या गंधकाचा वास आहे. याच कारणाने नीळ घालायच्या पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर कधीच घालू नये. द्रव निळीचे डाग गरम साबणपाण्यात भिजवून दोन-तीन धुण्यांत उतरतात.

महागड्या पावडरीने कपडे चमकतात ते कसं?

त्यांत चकाकी आणणारी रसायनं असतात. ती उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणून तोच शर्ट उन्हात झळझळीत आणि घरात साधाच दिसतो. निळीसारखाच हा डोळ्यांचा खेळ आहे. त्यात वाईट काही नाही, पण मळ निघाल्याचा तो पुरावाही नाही.

ब्लीच वापरू की नको?

क्वचित, फक्त सुतावर, आणि मोजून. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. दहा लिटर गार पाण्यात दोन मोठे चमचे, कपडे दहा-पंधरा मिनिटं, मग तीनदा स्वच्छ पाण्यातून. आधी कपडे साबणाने धुतलेले हवेत, नाहीतर ब्लीचची ताकद मळावरच खर्च होते. दर आठवड्याला ब्लीच लावलं की सूत विरतं, पंचा हातात फाटतो. रेशीम आणि लोकर तर त्यात विरघळतातच. स्ट्रेच कापड पिवळं पडतं आणि इलॅस्टिक सैल होतं.

विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर कपड्यांवर भुरभुरवू नका. न विरघळलेला एकेक कण कापडाला भोक पाडतो.

ब्लीचबरोबर काय मिसळू नये?

हे कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा, कामाला येणाऱ्या मावशींनाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर मिसळला तर दुसरा तसाच विषारी वायू. आपल्याकडे कपडे भिजतात ते न्हाणीघरात, शेजारीच कमोड, आणि एकाच वेळी दोन्ही कामं उरकली जातात. बंद न्हाणीघरात ते जिवावर बेतू शकतं. ज्या दिवशी ब्लीच, त्या दिवशी दुसरं काही नाही. डोळे चुरचुरले, खोकला आला तर बादलीत काय आहे ते बघत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

आणि ब्लीच कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलं पितात.

क्लोरीनचं ब्लीच नको असेल तर पर्याय आहे का?

दोन आहेत. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड डागांवर छान चालतं. दुसरा म्हणजे सोडियम परकार्बोनेट, ज्याला ऑक्सिजन ब्लीच म्हणतात. धुण्याचा सोडा आणि पेरॉक्साइड यांची ही घट्ट जोडी, पाण्यात गेली की सुटते. गार पाण्यात ती जवळजवळ काहीच करत नाही. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालून कपडे चार तास किंवा रात्रभर ठेवा. पॉलिस्टरमिश्रित कपडेही यात चालतात, त्यांना मात्र पाणी कोमटच घ्या. परकार्बोनेट भिजल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, वायूने डबा फुगतो. मला आज एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

हळदीचा डाग! साबण लावला तर लालभडक झाला.

सगळ्यात जास्त घाबरवणारा डाग, आणि धीर धरला तर सगळ्यात सोपा. हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत लाल होतं. साबण अल्कली असतो, म्हणून तो रंग. हळद आणि चुना एकत्र केला की कुंकवासारखा रंग येतो ना, तेच इथे झालेलं असतं. डाग वाढलेला नाही, नुसता रंग बदललेला आहे. लिंबू पिळलं तर परत पिवळा होईल.

आमटी-भाजीचा डाग असेल तर त्यात तेल आहे. कोरड्या डागावर भांडी घासायचा द्रव साबण लावून दहा मिनिटं ठेवा, चोळा, कोमट पाण्याने धुवा. तेल निघेल, पिवळेपणा राहील. आता कपडा ओलाच कडक उन्हात पसरा, डागाची बाजू वर. कुरकुमिनला ऊन सोसत नाही. एप्रिल-मे असेल तर संध्याकाळपर्यंत डाग शोधावा लागतो. राहिलाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून उन्हात घाला. हळदीच्या कार्यक्रमातले कुर्ते आमच्याकडे असेच दोन दिवस गच्चीवर असतात, ब्लीच लागत नाही.

चहा, रक्त, शाई, गंज?

चहा: लगेच गार पाणी, मग व्हिनेगर लावून दहा मिनिटं, मग साबण. जुना डाग असेल तर ऑक्सिजन ब्लीच. रक्त: फक्त गार पाणी आणि थोडं मीठ. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि डाग पक्का होतो, अंडं आणि दुधाचंही तसंच. बॉलपेन: खाली जुनं फडकं ठेवून वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर टिपत राहा, चोळू नका. गंज: लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात, वाळलं की पुन्हा रस. गंजावर ब्लीच चुकूनही नको. आणि वाळत घालायची लोखंडी तार बदला, नायलॉनची दोरी बांधा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका, उष्णतेने उरलेला डाग कायमचा बसतो.

वारीहून आलेले, मातीने भरलेले पांढरे कपडे कसे धुवावेत?

आधी पूर्ण वाळू द्या. ओली माती चोळली की ती धाग्यात आत जाते. वाळल्यावर झटका, ब्रशने झाडा. निम्मी माती पाण्याशिवायच पडते. मग नुसत्या गार पाण्यात, साबण न लावता, पाणी दोनदा बदलून भिजवा. त्यानंतर सोडा आणि साबण.

माती कुठली हेही बघा. देशावरची काळी चिकण माती धीराने भिजवली की निघते. कोकणातली तांबडी माती म्हणजे लोहाचा अंश, तिचा डाग गंजासारखाच. सोड्याने माती सुटली तरी तांबूस झाक राहते. ती लिंबूफुलाच्या गरम पाण्याने काढायची.

केळीचा चीक, काजूचा डाग?

इथे खोटी आशा देणार नाही. ताज्या चिकावर लगेच खोबरेल चोळून मग साबण लावला तर थोडंफार निघतं. एकदा काळा पडला की तो कपडा बागकामाचा. काजूच्या बोंडाचा रस आणि टरफलातलं तेल यांचंही तेच. बिब्ब्याचा डाग तर निघत नाहीच, म्हणून तर परीट पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा घालायचे. इतक्या भट्ट्यांतून जाऊनही त्या खुणा टिकायच्या.

कॉलर आणि काखा पिवळ्या पडतात.

कॉलरचा मळ म्हणजे मानेचं तेल. त्यावर केसांचा शांपू किंवा भांड्यांचा द्रव साबण लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. काखेतला पिवळेपणा वेगळा, घाम आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतली अॅल्युमिनियमची संयुगं मिळून तो होतो, आणि क्लोरीन ब्लीचने वाढतो. एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, दोन चमचे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडा द्रव साबण यांचा लेप अर्धा तास ठेवा. एका धुण्यात निम्मा जाईल, तीन धुण्यांत बराचसा. प्रसाधन अंगावर सुकल्यावर शर्ट घातला तर हा त्रास मुळातच कमी होतो.

लाल ओढणी चुकून पांढऱ्या कपड्यांत गेली.

वाळू देऊ नका. ओल्या कपड्यांतला ताजा रंग गरम साबणपाण्यात बराच सुटतो. उरलेला ऑक्सिजन ब्लीचमध्ये रात्रभर. पांढरे कपडे वेगळे धुवावेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण फिक्या रंगाचेही वेगळे ठेवा. रोजच्या करडेपणाचा मोठा वाटा त्यांच्यामुळेच असतो.

तुरटी आणि मीठ घालतात, त्याने पांढरेपणा येतो का?

नाही. तुरटी गढूळ पाणी निवळायला उत्तम. पावसाळ्यात नळाला मातकट पाणी आलं की तुरटीचा खडा चार-पाचदा फिरवून पाणी चार तास ठेवा, वरचं निवळ घ्या. पण तिने जड पाणी हलकं होत नाही. मिठानेही कपडा पांढरा होत नाही.

पांढरं रेशीम आणि लोकर?

रिठा. दहा-बारा रिठे फोडून, बिया काढून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी थोडं तापवून कुस्करा आणि दोनदा गाळा. गार झालेल्या त्या पाण्यात रेशीम पाच मिनिटं हलक्या हाताने दाबत धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की झळाळी येते. वाळवायचं सावलीत. जे ऊन सुताला पांढरं करतं तेच रेशमाला पिवळं करतं. रिठ्याचं पाणी तांबूस असतं, म्हणून पांढऱ्या सुतासाठी ते वापरू नये असं माझं मत आहे.

बाळाचे लंगोट आणि दुपटी?

गरम पाणी, सौम्य साबण, नेहमीपेक्षा एक जास्तीची हिसळणी आणि ऊन. नीळ नको, ब्लीच नको, सुगंधी काही नको. लंगोटावर फिकट पिवळी झाक राहिली तरी बाळाचं काही बिघडत नाही, साबण राहिला तर मात्र पुरळ उठतं.

पावसाळ्यात ऊनच नसतं. कपड्यांना कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात.

कपडे तासन्‌तास ओले राहिले की जिवाणू आणि बुरशी वाढते. म्हणून एकाच वेळी ढीगभर धुऊ नका. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा आणि पंखा लावा. मशीनमध्ये पिळलेले कपडे रात्रभर ठेवू नका. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं की वास बराच जातो. काळे ठिपके नवीन असतील तर लिंबू-मीठ लावून बघा. जुने असतील आणि कपडा सुती असेल, तर मोजून पातळ केलेलं ब्लीच हाच इलाज.

खळ घरी कशी करायची?

भाताची पेज किंवा साबुदाण्याचं पाणी रोजच्या खळीला पुरतं. जास्त कडक हवी असेल तर दोन मोठे चमचे आरारूट किंवा मैदा गार पाण्यात गुठळ्या न होता कालवून लिटरभर उकळत्या पाण्यात ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. गाळून घ्यायला विसरू नका, गुठळीचा पांढरा डाग इस्त्रीखाली पिवळा होतो. एवढ्यात एक धोतर किंवा सुती साडी होते. पावडर निळीचं गाळलेलं पाणी याच खळीत मिसळलं की एका बुडवणीत दोन्ही कामं होतात. कपडा थोडा ओलसर असतानाच इस्त्री करा.

कपाटात ठेवलेले पांढरे कपडे न वापरताही पिवळे का पडतात?

दिसत नसलेलं तेल आणि घाम हळूहळू हवेशी मिळून पिवळा होतो. "एकदाच घातलाय" म्हणून न धुता ठेवलेला कुर्ता वर्षाने बाहेर काढा, पाठीवर नकाशा दिसेल. ठेवणीतले कपडे नेहमी धुऊनच ठेवा, आणि खळ व नीळ न देता. खळीला कसर लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, लाकडाच्या फळीला किंवा पुठ्ठ्याला थेट टेकलेला भाग तपकिरी होतो. धुऊन वाळवलेल्या जुन्या मलमलीत किंवा पांढऱ्या चादरीत गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला गुंडाळणीच्या बाहेर ठेवा.

वडिलांचं शेवटचं धोतर माझ्या ट्रंकेत असंच आहे. दर दिवाळीआधी काढते, साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवते आणि घडी बदलून ठेवते, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की कापड त्या रेषेवरच विरतं आणि तिथेच पिवळी रेघ उमटते.